घरच्या भट्टीतला अग्निबाण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एक तरी भाषण बाहेरच्या जगाविषयी असावे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो क्षेपणास्त्रांचा. आपल्या देशाने ही अस्त्रे स्वतःच्या घरी कशी तयार केली ते सांगा, म्हणाल्या. पत्रिका घरोघर गेल्यावर एका काकूंनी मला जिन्यातच अडवून विचारले, "अगं, बायकांच्या मंडळात हे तोफा नि बाण कशाला गं?" काकूंचा प्रश्न रास्त आहे. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. शस्त्रविद्येची पंडिता काही मी नव्हे. परंतु महाड-पोलादपूरच्या बायकांनी हा विषय परका मानावा, हे मला पटत नाही.

फौजी आंबवडे हे आपल्याच तालुक्यातले गाव. घरटी एखादा तरी माणूस पलटणीत, अशी त्या गावाची ख्याती. पहिल्या महायुद्धापासून तेथली माणसे लढाईवर जात आली आहेत. त्या एका गावाचेच कशाला, आपल्या दोन्ही तालुक्यांच्या वाड्यावाड्यांतून कोणाचा दीर, कोणाचा भाचा, कोणाचा मुलगा सीमेवर आहे. त्याच्या हातात जे शस्त्र असते ते कोठे तयार होते, ऐन वेळी मिळते की नाही, आणि ते देणारा उद्या "नाही" म्हणाला तर काय, हा प्रश्न त्याच्या आईचाही आहे.

"देणारा नाही म्हणाला तर" ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्याला वेढा घातला होता, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन नावाचा इंग्रज लांब पल्ल्याची तोफ आणि गोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला, आणि आपले निशाण लावून त्याने गडावर गोळे टाकले. इंग्रजांना ना पन्हाळा हवा होता ना विजापूर. दारूगोळा विकणे हा त्यांचा धंदा होता, आणि त्या दिवशी गिऱ्हाईक सिद्दी होता. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची ती वखार लुटली आणि वखारवाल्यांना कैद केले. त्या कैद्यांना पुढे आपल्या महाडजवळच्या सोनगडावर ठेवले होते. गांधारपाल्याकडे जाताना सोनगडाचा डोंगर दिसतो, तो आपण रोज पाहतो. पण परक्याच्या दारूगोळ्याचा हिशेब तेथे चुकता झाला, हे कितीजणींना ठाऊक असेल? आणि रायगडाचे काय झाले? मे १८१८ मध्ये पोटल्याच्या डोंगरावर चढवलेल्या इंग्रजी तोफांचे गोळे गडावर पडले, वाड्यांना आगी लागल्या आणि १० मे रोजी गड त्यांच्या हाती गेला. गड तोच होता, कडे तेच होते. पल्ला मात्र बदलला होता.

आता "बाण" या शब्दाविषयी थोडे सांगते, कारण तो आपलाच आहे. मराठ्यांच्या फौजेत बाण असत. धनुष्याचे नव्हेत, दारूचे. लोखंडी नळीत दारू ठासून ती बांबूला बांधायची आणि पेटवून शत्रूच्या घोडदळात सोडून द्यायची. हत्ती-घोडे बुजत, गोंधळ उडे. नेम मात्र बेताचाच. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूने हीच विद्या पुढे नेली, चांगल्या लोखंडाच्या नळ्या वापरल्या, आणि इंग्रजांना त्याचा चांगलाच चटका बसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते बाण विलायतेला गेले, तेथे विल्यम काँग्रीव्हने त्यांचा अभ्यास करून इंग्रजी रॉकेट बनवले. पुढे कधीतरी १९६० च्या दशकात आपले एक तरुण अभियंते शिक्षणासाठी अमेरिकेत गेले असता तेथील वॉलॉप्स बेटावरच्या अग्निबाण केंद्रात त्यांनी एक चित्र पाहिले. त्यात टिपूचे सैनिक इंग्रजांवर बाण सोडीत होते. ते अभियंते म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. ही हकीकत त्यांच्या आत्मचरित्रात आहे. माधुरी शानभाग यांनी ते "अग्निपंख" या नावाने मराठीत आणले. आपल्या वाचनालयात नसेल तर घ्यावे, अशी मी याच व्यासपीठावरून मागणी करते.

बाण आणि क्षेपणास्त्र यांत फरक काय? दिवाळीतला बाण बाटलीत ठेवून पेटवला की तो सुटतो, मग त्याच्यावर आपली सत्ता नाही. वाऱ्याने वळला तर शेजाऱ्याच्या गवताच्या उडवीवर जायचा. क्षेपणास्त्र वाटेत आपली चूक ओळखते आणि सुधारते. ते कसे, हे समजायला भोवरा आठवा. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडीत नाही. हाताने ढकलला तरी डोलून पुन्हा उभा राहतो. असा भोवरा अस्त्राच्या पोटात असला, की अस्त्र कोठे कलले, किती वळले, हे त्याच्याशी ताडून पाहता येते. वेग किती वाढला ते मोजणारे दुसरे यंत्र असते. रात्री वीज गेल्यावर आपण माजघरातून स्वयंपाकघरात कशा जातो? इतकी पावले सरळ, मग डावीकडे, मग उंबरा. बाहेरचे काही न पाहता केवळ स्वतःच्या चालीचा हिशेब ठेवून जातो. अस्त्रही तसेच जाते. आता भोवऱ्याऐवजी लेसर किरणांची वर्तुळे वापरतात, पण हिशेब तोच. एवढेच, की आपली दहा पावलांत एक बोट चूक झाली तरी चालते, आणि तेथे हजारो किलोमीटरांत ती चूक जपावी लागते.

दुसरी गोष्ट इंधनाची, आणि ही मला जरा सावकाश सांगायची आहे, कारण हिचे शहाणपण थेट आपल्या स्वयंपाकघराशेजारचे आहे.

अग्निबाणाचे इंधन दोन तऱ्हेचे असते, पातळ आणि घट्ट. पातळ इंधनात जोर चांगला, परंतु ते फार जहाल. "पृथ्वी" क्षेपणास्त्रात ते वापरले आहे. त्यातला एक भाग म्हणजे धुमसणारे नायट्रिक ॲसिड. घट्ट इंधनाचे तसे नाही. ते एकदा भरून ठेवले की वर्षानुवर्षे तयार असते, लोणच्याच्या बरणीसारखे. हवे तेव्हा झाकण काढा. पण ते करण्यात सारी कसोटी आहे. त्यात मुख्य जिन्नस तीन. अमोनियम परक्लोरेट नावाची मिठासारखी पांढरी पूड, जी जळायला लागणारा प्राणवायू स्वतःबरोबर आणते. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी. आणि या दोहोंना धरून ठेवणारा रबराच्या चिकासारखा एक पदार्थ. पूड दोन-तृतीयांशाच्या आसपास, चीक अगदी थोडा. तिळाच्या लाडवात गुळाचा पाक तीळ जेमतेम धरून ठेवण्याइतकाच असतो ना, तसा. पाक जास्त झाला तर जोर कमी, कमी झाला तर लाडू फुटतो.

हे मिश्रण मोठ्या यंत्रात मळतात. मळणारा माणूस जवळ नसतो. जाड भिंतीपलीकडून काम चालते, कारण एक ठिणगी पुरते. मळलेले मिश्रण हवा काढून घेतलेल्या जागेत बाणाच्या नळकांड्यात ओततात, मधोमध एक साचा उभा करून. मग ते कित्येक दिवस मंद उबेत ठेवून घट्ट होऊ देतात आणि साचा उपसून काढतात. आत पोकळी राहते. तिचा आकार पुष्कळदा कसा असतो म्हणाल, तर चकलीच्या सोऱ्यातल्या चांदणीच्या चकतीसारखा! चकलीला ती चांदणी कुरकुरीतपणासाठी, येथे ती हिशेबासाठी. इंधन आतून बाहेर जळत जाते. पोकळी साधी गोल असली तर जळणारा पृष्ठभाग वाढत जाऊन जोर शेवटी बेसुमार होईल. चांदणीची टोके हळूहळू झिजतात आणि पृष्ठभाग बराचसा सारखा राहतो.

आणि हवा का काढायची? कारण मिश्रणात एखादा बुडबुडा राहिला, किंवा घट्ट होताना चीर पडली, तर ज्वाळा त्या फटीत शिरते, एकदम जास्त इंधन पेटते, आणि दाबाने सारे नळकांडे फुटते. म्हणून तयार झालेल्या मोटारीची क्ष-किरणांनी तपासणी होते, माणसाच्या छातीची होते तशी. केसाएवढ्या चिरेने वर्षाची मेहनत वाया जाते. मोदकाची पारी कोठे पातळ राहिली ते उकडताना कळते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

ही विद्या भारतात रुजवणाऱ्यांत एक मोठे मराठी नाव आहे, डॉ. वसंत गोवारीकर. १९३३ मध्ये पुण्यात त्यांचा जन्म झाला. विलायतेत शिकून ते तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा येथील केंद्रात आले आणि घट्ट इंधनाच्या कामाचे धुरीण झाले. पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. (त्यांचे नाव आपल्याकडे अधिक गाजले ते पावसाच्या अंदाजामुळे. सोळा घटकांवरून मोसमी पावसाचे भाकीत करण्याची १९८८ ची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. सावित्रीकाठच्या माणसांना हेही काही कमी मोलाचे नाही.) त्यांचे काम उपग्रह सोडणाऱ्या बाणांसाठी, म्हणजे नागरी होते. परंतु १८ जुलै १९८० रोजी ज्या एस. एल. व्ही.-३ ने रोहिणी उपग्रह वर नेला, त्याच बाणाचा पहिला घट्ट इंधनाचा टप्पा पुढे पहिल्या "अग्नी"चाही पहिला टप्पा झाला. दुसरा टप्पा "पृथ्वी"च्या पातळ इंधनाचा. म्हणजे घरातल्याच दोन वस्तू जोडून तिसरी केली. ही युक्ती आपल्याला चांगलीच परिचयाची आहे.

आता इतिहास. संरक्षण संशोधन व विकास संघटना, जिला सगळे डी. आर. डी. ओ. म्हणतात, ती १९५८ मध्ये स्थापन झाली. साठीच्या दशकात हैदराबादेस क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा निघाली. रणगाडाविरोधी एक अस्त्र करून पाहिले, ते सेनेत गेले नाही. १९७२ च्या सुमारास रशियन विमानवेधी अस्त्र सुटे करून त्यावरून आपले करण्याचा बेत केला, तोही १९८० मध्ये गुंडाळला. पण त्या फसलेल्या उद्योगात जी भट्टी पेटली, जे इंजिन हाताखालून गेले, ते पुढे "पृथ्वी"च्या कामी आले.

१९८२ मध्ये डॉ. कलाम हैदराबादच्या प्रयोगशाळेत आले. त्यांच्या मंडळींनी सरकारपुढे योजना ठेवली ती एकामागून एक अस्त्र करण्याची. त्या वेळचे संरक्षणमंत्री आर. व्यंकटरामन म्हणाले, एकेक कशाला, सगळी एकदम हाती घ्या. जुलै १९८३ मध्ये ३८८ कोटी रुपये मंजूर झाले आणि पाच नावे ठरली: पृथ्वी, त्रिशूल, आकाश, नाग आणि अग्नी.

मग जगातल्या बड्या सावकारांनी हात आखडले. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, कॅनडा आणि जपान या सात राष्ट्रांनी १९८७ मध्ये आपसात ठरवले की क्षेपणास्त्रांना लागणारे सामान नि विद्या इतरांना द्यायची नाही. मिश्रधातू, झडपा, रडारचे सुटे भाग, एकेक वस्तू अडू लागली. ज्या घरात उसने पीठ मिळणे बंद होते त्या घरात जाते येते, एवढेच मी म्हणेन. २५ फेब्रुवारी १९८८ रोजी पृथ्वी उडाली. अग्नीची गोष्ट अवघड होती. एप्रिल १९८९ मध्ये सारी तयारी झाली आणि अगदी काही सेकंद उरले असताना यंत्रानेच थांबा म्हटले. मेच्या पहिल्या दिवशी पुन्हा तेच. वर्तमानपत्रांनी व्यंगचित्रे काढली, लोक हसले. २२ मे रोजी ती उडाली. (आणि ज्या मंडळाने दार लावून घेतले होते त्यानेच २०१६ मध्ये भारताला सभासद करून घेतले. आपल्याकडे भिशीत असे झाल्याचे मला आठवते, पण तो विषय येथे नको.)

अग्नीसारखे अस्त्र वातावरणाच्या वर जाऊन परत खाली शिरते, तेव्हा हवेच्या घर्षणाने त्याचे टोक तीनेक हजार अंश तापते. लोखंड तेथे पाण्यासारखे होईल. म्हणून कर्बाचे धागे कर्बातच बसवून त्याचे टोपण केले. बाहेर भट्टी आणि आतली यंत्रे मात्र घरातल्या माठाइतकी सुरक्षित. अशा हलक्या पदार्थांची विद्या हाती आल्यावर हैदराबादच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी प्रयोगशाळेला विचारले, की पोलिओ झालेली माझी मुले तीन-तीन किलोंपेक्षा जड लोखंडी कॅलिपर पायाला बांधून फरफटत चालतात, त्यांचे काही होईल का? प्रयोगशाळेने सुमारे तीनशे ग्रॅमचे कॅलिपर करून दिले. मुले पळू लागली. आपल्या आयुष्यातल्या आनंदाच्या क्षणांत डॉ. कलाम हा क्षण नेहमी सांगत.

वरंध घाट ओलांडून पुण्यास गेलात तर या कामाचा मोठा हिस्सा तेथेच आहे. पाषाणला आयुधे करणारी संस्था, सुतारवाडीला स्फोटके नि इंधने यांची प्रयोगशाळा. तिचे मूळ १९०८ मध्ये नैनितालला निघालेल्या स्फोटके तपासण्याच्या एका कचेरीत आहे. दिघीला तिसरी संस्था, जी अस्त्रे वाहून नेणारे गाडे आणि फौजेसाठी घडीचे पूल करते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांना पुलाचे मोल सांगायला नको. पुण्याच्या या मंडळींचे सर्वांत नावाजलेले काम म्हणजे "पिनाक". शंकराच्या धनुष्याचे नाव. १९८६ मध्ये काम सुरू झाले. एका गाड्यावर बारा बाण, आणि ते सारे ४४ सेकंदांत सुटतात. पल्ला चाळीस किलोमीटरांच्या जवळपास. महाडच्या बाजारपेठेत गाडा उभा केला तर बाण प्रतापगडावरून महाबळेश्वरही ओलांडून जाईल. १९९९ मध्ये कारगिलला हे बाण प्रथम लढाईत वापरले. पहिले पिनाक हे नुसते बाण होते, सोडले की सोडले. नंतर त्यांना वाट सुधारण्याची विद्या दिली आणि पल्ला ७५ किलोमीटरांवर नेला. २०२२ मध्ये आर्मेनिया या देशाने ते आपल्याकडून विकत घेण्याचा करार केला. राजापूरच्या वखारीची आठवण ठेवून मी म्हणते, आता विकणारे आपण झालो. तेव्हा गिऱ्हाईक कोण आणि तो ते कोणावर चालवणार, हेही आपल्यालाच पाहावे लागेल.

उगाच ढोल वाजवू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. "त्रिशूल" सेनेत गेले नाही; २००८ मध्ये ते काम आटोपते घेतले, आणि मधल्या काळात आरमाराला इस्रायलकडून अस्त्रे घ्यावी लागली. "नाग" रणगाडा फोडण्यासाठी केले. १९९० मध्ये पहिल्यांदा उडाले आणि सेनेची शेवटची चाचणी झाली ऑक्टोबर २०२० मध्ये! तीस वर्षे. मुलगा जन्मून, शिकून, लग्न होऊन नातवंड आले असते. अडचण अशी, की हे अस्त्र उष्णतेवरून रणगाडा ओळखते, आणि राजस्थानात दुपारी वाळू आणि रणगाडा सारखेच तापतात. तव्यावरच्या भाकरीला तव्यापासून वेगळी ओळखायची, डोळे न वापरता. "ब्राह्मोस"चे नाव आपण फार ऐकतो. ते रशियाबरोबर भागीदारीत केलेले आहे, नावच ब्रह्मपुत्रा नि मॉस्कवा या दोन नद्यांचे. त्याला निखळ घरचे म्हणू नये. "आकाश" मात्र घरचे. तेही १९९० पासून २०१५ पर्यंत रखडतच सेनेत आले, पण मे २०२५ मध्ये सीमेवर रात्री विमानवेधी पहारा करण्याची वेळ आली तेव्हा ते उभे होते. ज्यांची मुले त्या दिवसांत तिकडे होती त्या आयांनी रात्र कशी काढली, ते या सभेत बसलेल्या दोघी-तिघींना विचारा.

आणि आता बायका. टेसी थॉमस हे नाव पुष्कळजणींनी ऐकले असेल. केरळातल्या अलप्पुळाच्या. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळले, आई शिक्षिका, घरात बऱ्याच मुली. त्रिचूरला अभियांत्रिकी शिकून त्या पुण्यास आल्या. खडकवासल्याजवळ गिरीनगरला आयुधशास्त्राची जी संस्था आहे, तेथे त्यांनी क्षेपणास्त्रविद्येत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९८८ मध्ये संघटनेत लागल्या. जुलै २००६ मध्ये अग्नी-३ ची पहिली चाचणी फसली, अस्त्र समुद्रात पडले. त्या त्या चमूत होत्या. दहा महिन्यांच्या आत, एप्रिल २००७ मध्ये तेच अस्त्र नीट उडाले. २०११ मध्ये अग्नी-४ त्यांच्या नेतृत्वाखाली उडाले, आणि १९ एप्रिल २०१२ रोजी पाच हजार किलोमीटर पल्ल्याच्या अग्नी-५ च्या कामातही त्या अग्रभागी होत्या. ११ मार्च २०२४ रोजी याच अग्नी-५ ने एका बाणातून अनेक लक्ष्ये गाठण्याची चाचणी दिली, त्या कामाच्या प्रमुखही एक बाई होत्या, शीना राणी. बायकांच्या हाती संहाराचे अस्त्र शोभते काय, असे कोणी विचारतात. दुर्गेच्या हातांत काय काय असते ते त्यांनी नवरात्रात मोजावे.

परंतु मला दुसऱ्या बायकांविषयीही बोलायचे आहे, ज्यांची नावे कोणी छापली नाहीत. ओरिसाच्या बालासोर जिल्ह्यात बालियापाल नावाचा मुलूख आहे. सुपीक जमीन, भात, नारळ, विड्याच्या पानांचे मळे. १९८० च्या दशकाच्या मध्याला सरकारने तेथे क्षेपणास्त्रांच्या चाचणीचे मैदान करण्याचे ठरवले. कितीतरी खेडी उठणार होती. लोकांनी रस्त्यावर अडसर घातले. सरकारी गाड्या येताना दिसल्या की बायका शंख फुंकीत, थाळ्या वाजवीत, आणि सारे गाव वाटेवर येऊन आडवे पडे. वर्षानुवर्षे हे चालले. शेवटी ते मैदान तेथे झाले नाही. चाचण्या जवळच्या चांदीपूरला, आणि १९९३ पासून किनाऱ्यापलीकडच्या एका निर्जन बेटावर होऊ लागल्या. त्या बेटाला २०१५ पासून डॉ. कलामांचे नाव आहे. अस्त्रेही झाली आणि पानमळेही राहिले. त्या बायकांना त्या काळी देशद्रोही म्हणणारे होते. मला तसे मुळीच वाटत नाही. देश म्हणजे सीमा आणि तो पानमळाही. निर्जन बेट आधीपासून समुद्रात होतेच. ते दिसायला थाळ्या वाजाव्या लागल्या.

तसेच कारखान्यांचे. दारूगोळ्याचे काम आता नागपूर, चांदा, भंडारा या बाजूंना सरकारी आणि खाजगी कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर चालते, आणि भरण्या-बांधण्याच्या कामावर पुष्कळ ठिकाणी बायका असतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूरजवळ बाजारगाव भागातल्या एका स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ माणसे गेली. त्यांत सहा बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या आयुध कारखान्यात आठजण गेले. आपल्याला हे परके नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट नि आग झाली, त्या रात्री दवाखान्याबाहेर बसलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. सीमेवर पडलेल्या जवानाच्या घरी कलेक्टर येतो, तिरंगा येतो, आणि ते योग्यच आहे. नळीत दारू भरताना गेलेल्या बाईच्या घरी भरपाईचा कागद येतो, तोही हेलपाटे घालून. अस्त्र स्वदेशी आहे असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा ते करणारे हातही स्वदेशीच असतात. मघाशी मी जाड भिंतीपलीकडून मळण्याविषयी बोलले. ती भिंत प्रत्येक कारखान्यात आहे ना, एका खोलीत किती माणसे बसवतात, कामाचे तास किती, हे विचारणे संसदेतल्या सभासदांचे काम आहेच. पण ज्यांच्या मुली-सुना अशा कामावर जातात त्यांनीही विचारले पाहिजे, आणि मंडळाने त्यांच्यामागे उभे राहिले पाहिजे. आपल्या वसाहतीतल्या कंपन्यांपासून सुरुवात करायला काही हरकत नाही. त्यासाठी पुढच्या मासिक सभेत ठराव मांडावा, असे मी चिटणीसबाईंना सुचवून ठेवते.

आता मुलींसाठी दोन शब्द, कारण बारावी शास्त्राच्या काहीजणी मागे उभ्या आहेत. गिरीनगरच्या संस्थेत अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी जाता येते. त्यासाठी गेट ही परीक्षा द्यावी लागते. पण सगळ्यांनी अभियंताच व्हायला हवे असे नाही. आय. टी. आय. झालेल्या मुलामुलींनाही पुण्याच्या प्रयोगशाळा शिकाऊ म्हणून घेतात. जाहिराती येतात, त्या आपल्या गावापर्यंत पोहोचत नाहीत इतकेच. मंडळाच्या फळ्यावर अशा जाहिराती लावण्याचे काम मी आजपासून माझ्याकडे घेते. ज्यांना अर्ज भरायला मदत हवी असेल त्यांनी गुरुवारी दुपारी चारनंतर मंडळात यावे. येताना शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांच्या दोन-दोन प्रती आणाव्यात. झेरॉक्सवाल्याचे दुकान गुरुवारी बंद असते, म्हणून बुधवारीच काढून ठेवाव्यात.